खडकावरचा प्रश्न आणि आपला माळ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहिताना, लातूरच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवण्याच्या माझ्या नोकरीविषयी सांगण्यापेक्षा, ज्यांच्या कामाने माझ्या अध्यापनाला दिशा दिली त्या रॉबर्ट पेन यांच्याविषयी लिहावे असे वाटले. पेन हे सागरी परिसंस्थांचे अमेरिकन अभ्यासक. बालाघाटच्या कुशीतल्या आपल्या गावाचा समुद्राशी काही संबंध नाही. तरीही त्यांचा शोधनिबंध प्रथम वाचला तेव्हा तो मला परका वाटला नाही, आणि त्याचे श्रेय मी आपल्या शाळेला देतो.

१९३३ साली जन्मलेले पेन मिशिगन विद्यापीठात गेले ते जीवाश्मांच्या ओढीने. तेथे फ्रेडरिक स्मिथ नावाचे अध्यापक विद्यार्थ्यांपुढे प्रश्न ठेवीत, की पाने खाणारे इतके जीव असताना झाडे हिरवी राहतात कशी? पाला खाणाऱ्यांना खाणारे शिकारी त्यांची संख्या आटोक्यात ठेवतात, असे उत्तर स्मिथ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६० मध्ये मांडले. ते पटण्यासारखे होते, मात्र निसर्गात प्रयोग करून त्याचा पडताळा घेणे बाकी होते.

पेन यांनी तो पडताळा १९६३ पासून वॉशिंग्टन राज्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, मकाह या आदिवासींच्या भूमीतील मुक्काव उपसागरात घेतला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाचा सुमारे ८ मीटर लांब आणि २ मीटर उंचीचा पट्टा त्यांनी निवडला, त्यावरील पिसास्टर जातीचे तारामासे पहारीने उचकटून समुद्रात भिरकावले, आणि शेजारचा भाग तुलनेसाठी जसाच्या तसा राखला. तारामासे परत येत, पेन ते पुन्हा काढीत. आधी बार्नकल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव, पसरले. पुढे, ज्यांना आपल्या कोकणात शिनाणे म्हणतात तशा शिंपल्यांनी खडक व्यापत नेला आणि इतरांना बूड टेकायला जागा उरेना. पट्ट्यावरील प्रजाती १५ वरून ८ वर आल्या. शिंपले खाणारा गेला आणि वैविध्यच घटले! १९६६ चा हा निबंध मी आजही दरवर्षी वर्गात पूर्ण वाचून दाखवतो, कारण निरीक्षणाच्या पुढे जाऊन निसर्गालाच प्रश्न कसा विचारावा, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे लेखन मला दुसरे माहीत नाही.

अशा जीवांसाठी ‘कीस्टोन प्रजाती’ ही संज्ञा त्यांनी १९६९ मध्ये वापरली. ती पुढे इतकी सैल वापरली जाऊ लागली की १९९६ मध्ये पेन यांच्यासह अनेक अभ्यासकांना तिची व्याख्या नेटकी करावी लागली : जिचा प्रभाव तिच्या प्रमाणाच्या मानाने फार मोठा असतो, ती. माझ्या मते मात्र त्यांचे खरे ऋण संज्ञेत नाही, विद्यार्थ्यांत आहे. पॉल डेटन, ब्रूस मेंगे, जेन लुबचेंको हे त्यांच्याकडे शिकले. १९७१ मध्ये अलास्काच्या आमचिट्का बेटावर जेम्स एस्टिस या तरुण संशोधकाला त्यांनी सुचवले, की समुद्री पाणमांजरे काय करतात ते पाहावे. आणि त्यातून १९७४ मध्ये हे सिद्ध झाले, की केल्प हे मोठे सागरी शैवाल फस्त करणाऱ्या सी अर्चिन या काटेरी जीवांना पाणमांजरे खातात, म्हणूनच केल्पची जंगले टिकतात. २०१६ मध्ये पेन गेले, तेव्हा त्यांच्या शिष्यांचे शिष्यही किनाऱ्यांवर काम करत होते.

आता शाळेकडे येतो. नववीत आमचे जीवशास्त्राचे सर आम्हाला शाळेमागच्या माळावर नेत, सुतळीचा चौकोन आखून त्यातली रोपे मोजायला लावीत आणि महिन्याभराने त्याच जागी पुन्हा मोजायला लावीत. कुसळी कुठे वाढली, हराळी कुठे दबली, हे आम्ही वहीत लिहीत असू. पेन यांचा पट्टा मला ओळखीचा वाटला तो यामुळे.

म्हणून शाळेला एक विनंती आहे. त्याच माळावर दोन सारखे तुकडे आखावेत, एकाला शेरडे शिरणार नाहीत असे कुंपण घालावे, दुसरा मोकळा ठेवावा, आणि प्रत्येक नववीच्या वर्गाने पावसाळ्यानंतर दोन्हींतील गवते मोजून एकाच नोंदवहीत लिहावीत. तारेचा आणि खांबांचा खर्च मी देईन, आणि पहिली मोजणी करायला या दिवाळीआधी स्वतः येईन.