जरा दाबून धर

दुपारी दोनच्या उन्हात गाडी सिग्नलला उभी असते, लायटरच्या सॉकेटमध्ये खोचलेल्या चार्जरला लावलेल्या फोनवर मॅप चालू असतो आणि मधेच 'टिंग' वाजतं. चार्जिंग सुरू झालं, म्हणजे मघाशी कधीतरी ते बंद पडलं होतं. पुढच्या गतिरोधकावर पुन्हा टिंग. मग शेजारच्या सीटवर हुकूम सुटतो, "जरा दाबून धर रे." शेजारचा चार्जर दाबतो, किंचित डावीकडे पिळतो, निळा दिवा लागतो. आता कोल्हापूर येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, हे गाडीतल्या सगळ्यांना न सांगता कळतं.

या पिळण्याने खरंच काम होतं. सॉकेटच्या भिंतीवर मळाचा आणि गंजाचा एक पातळ थर साचलेला असतो. चार्जर फिरवला की बाजूची पत्ती तो थर खरवडते आणि तेवढ्या रेषेपुरता धातूला धातू भिडतो. पुढच्या खड्ड्यात पत्ती त्या रेषेवरून सरकते की संपलं.

पण सगळा दोष चार्जरच्या माथी मारण्यात अर्थ नाही. ते भोक मुळात फोनसाठी केलेलंच नाही, ती धूम्रपानवाल्यांची सोय. लायटर आत दाबला की तळाच्या द्विधातूच्या (तापल्या की वाकणाऱ्या) पत्त्या त्याला पकडायच्या, काही सेकंदांत लायटरची तार लाल झाली की पत्त्या फाकायच्या आणि लायटर टपकन बाहेर. तेवढाच मुक्काम. कशेडी घाटातून तासभर हिंदकळत एखाद्या वस्तूला घट्ट धरून बसायचं हे त्या नळीच्या कामात कधी नव्हतंच. त्यात चार्जरच्या टोकाची पिन स्प्रिंगवर असते, ती सतत चार्जरला बाहेर ढकलते. त्याला आत धरून ठेवायला काय, तर बाजूच्या दोन पत्त्या.

आतला व्यास साधारण 21 मिमी. त्याचं अमेरिकन मानकही आहे, जे563, पण निरनिराळ्या गाड्यांच्या सॉकेटांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक सहज निघतो. एका गाडीत ठोकून बसवावा लागणारा चार्जर दुसरीत खुळखुळतो तो यामुळेच. हल्लीचं एक रुपयाचं छोटं नाणं 20 मिमीचं असतं. सुट्टे पैसे कपहोल्डरमध्ये टाकता टाकता एखादं सॉकेटमध्ये गेलं, की तळाशी जाऊन मधल्या संपर्काला आणि भिंतीला एकदमच चिकटतं. मधलं टोक धन, भिंत ऋण, त्यामुळे फ्यूज तिथल्या तिथे उडतो. "चार्जर लावलाच नव्हता, तरी सॉकेट मेलं" अशा तक्रारींमागे पुष्कळदा हा रुपयाच असतो.

म्हणून आधी टॉर्च मारून आत बघावं. किल्ली बंद असली तरी काही गाड्यांत हे सॉकेट जिवंत राहतं, तेव्हा त्याचा फ्यूज काढून ठेवलेला बरा. (फ्यूजबॉक्सच्या झाकणावर पुष्कळदा अजूनही 'सिगार' छापलेलं असतं, गाडीत लायटरचा पत्ता नसला तरी.) चिवड्यातले शेंगदाणे, धूळ, सुपारीचा चुरा, जे निघेल ते लाकडी काडीने काढायचं. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन भिंत आणि तळ पुसायचा. काळे डाग हटत नसतील तर बारीक पॉलिश पेपर, दोन-तीन हलके हात, त्याहून जास्त नको. वरचा मुलामा निघाला की खालचा धातू आणखी लवकर गंजतो.

मग चार्जर. बाजूच्या पत्त्या बोटाने दाबून बघाव्यात. दाबल्यावर लगेच उसळल्या नाहीत तर त्या थकल्यात. चपट्या स्क्रूड्रायव्हरने प्रत्येकीला मुळाशी धरून एक मिलिमीटर बाहेर ओढायचं. टोकाला धरून ओढलं तर पत्ती वाकते, पण दाब वाढत नाही. आणि फार बाहेर ओढली तर आत जाताना उलटून मोडते. टोकाची पिनही दाबून बघावी, ती अडकत न अडकत परत येत असेल तर तिच्याभोवतीची कडी आटे फिरवून उघडते. आतून पिन, बहुतेक वेळा काचेचा छोटा फ्यूज, आणि स्प्रिंग अशी वरात बाहेर पडते. हे काम गाडीत बसून करू नये. ती स्प्रिंग सीटखाली गेली की परत मिळत नाही. ही कडी गाडीच्या थरथरीने आपोआपही सैल होते. चार्जर हातात आणि टोक सॉकेटच्या तळाशी, असं झालंय असं वाटलं तर आधी सॉकेटचा फ्यूज काढायचा, मगच आत काडी घालायची.

एवढं करूनही चार्जर डुलत असेल तर टेप. ती मागच्या प्लॅस्टिकच्या गळ्यावर गुंडाळायची, पत्त्यांवर नाही. इन्सुलेशन टेपचा एक वेढा व्यासात साधारण 0.3 मिमी भर घालतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या फटीला दोन वेढे पुष्कळ. मे महिन्यात बंद गाडीत तिचा गोंद पाघळतो आणि बोटं चिकट होतात. त्यापेक्षा हीट श्रिंक (गरम केली की आवळणाऱ्या) नळीचा तुकडा टिकतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती सहज मिळते. व्होल्टमीटर आणि दोन-तीन पोर्ट मिरवणारे लांबुडके, जड चार्जर मला मुळातच आवडत नाहीत. निम्मं धड बाहेर, वर केबलचं ओझं, मग ते मान टाकणारच. आखूड, सॉकेटच्या तोंडाशी सपाट बसणारा घ्यावा आणि केबल कुठेतरी अडकवून तिचा ताण तोडावा.

माझं वाकडं आहे ते कागद कोंबणाऱ्यांशी. बिलाची घडी, बसचं तिकीट, आणि त्यातले थोर लोक तर चॉकलेटची चांदी. कागद पत्तीला भिंतीपासून दूर ठेवतो, म्हणजे दुरुस्ती नेमकी उलटी. चांदी शॉर्ट करते.

नुसत्या फोनला गाडीच्या बाजूने एक-दीड अँपिअर लागतो, तिथे ढिलेपणा फार तर चीड आणतो. त्याच सॉकेटवर टायरमध्ये हवा भरायचा पंप लावला की हिशोब बदलतो. तो दहा अँपिअर ओढतो, आणि ढिल्या सांध्याचा अडथळा एक दशांश ओहम जरी धरला, तरी पिनच्या टोकाएवढ्या जागी दहा वॅट उष्णता. प्लॅस्टिक तपकिरी होतं, स्प्रिंगचा ताण जातो, सांधा आणखी ढिला होतो आणि आणखी तापतो. अर्ध्या तासाने चार्जर काढून टोकाला बोट लावून पाहावं. बोट ठेववत नसेल किंवा सॉकेटची कड विरघळलेली दिसली तर टेपबिप विसरावी आणि सॉकेट बदलून घ्यावं. आणि गॅरेजवाला "वारंवार उडतोय ना, मग तीसचा टाकतो" म्हणाला तर त्याला तिथेच थांबवावं. मूळ फ्यूज पंधरा अँपिअरचा असेल तर मागची वायरही त्याच हिशोबाची असते. तीसचा फ्यूज उडायची वाट बघत बसेल आणि तोवर डॅशबोर्डच्या आत वायरचं आवरण वितळत असेल.