आमची वाटचाल: टेबलावरचा पिस्टन

आमच्या ऑफिसात पेपरवेट म्हणून एक पिस्टन आहे. वरच्या दोन रिंगांमधली कडा तुटलेला. तो गिऱ्हाइकाच्या गाडीतला नाही, माझ्याच गाडीतला: २००४ मध्ये भारतात आलेली स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो, १५० हॉर्सपॉवर. मी ती सेकंडहँड घेतली होती. भोसरीत भावाच्या लेथच्या शेडमध्ये कोपरा मागून घेऊन टर्बो गाड्यांची ताकद वाढवायचा धंदा सुरू केला, तेव्हा हीच आमची जाहिरात. टर्बोला आवर घालणाऱ्या वेस्टगेटच्या नळीत हवा सोडणारा ब्लीड व्हॉल्व्ह बसवला, बूस्ट (टर्बो इंजिनात भरतो त्या हवेचा दाब) वाढला, पिकअप असा की शेजारी बसलेला सीट घट्ट धरायचा. इंधन, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) यांना मात्र हातही लावला नव्हता. मे महिन्यात खंबाटकी चढताना इंजिन नॉक मारत होतं (आत इंधन अवेळी पेटून ठोके पडत होते) आणि मी गाणी लावून बसलो होतो. घाट संपला तेव्हा आरशात निळा धूर.

त्या इंजिनाच्या खर्चात हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर आणि लॅपटॉप दोन्ही आले असते. ते नंतर घेतले, उधारीवर.

आता गाडी आली की आधी इनटेकचं (इंजिनात हवा जाते त्या वाटेचं) तोंड बंद करून आत थोडी हवा भरतो आणि प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावतो, पंक्चरवाल्यासारखं. ‘बूस्ट कमी वाटतो’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या एक क्लॅम्प आवळून परत जातात. त्याचे पैसे किती घ्यायचे यावर माझं आणि हिशेब बघणाऱ्या बायकोचं अजून जमलेलं नाही.

इनटेकसाठी लोक शंकूसारखा कोन फिल्टर हातात घेऊनच येतात. उघडा कोन इंजिनाभोवतीची तापलेली हवा ओढतो. आवाज झकास, ताकद उलट कमी. आम्ही फिल्टर आणि टर्बोच्या मधे पाण्याची यू-नळी जोडतो. हार्डवेअरच्या दुकानातली साधी पारदर्शक नळी. फुल रेसवर पाण्याच्या पातळीत २५ सेंटीमीटर फरक पडला, तर सुमारे २५ मिलिबार दाब टर्बोच्या आधीच गेला. मग मोठा पाइप आणि समोरून गार हवा घेणारी बंद पेटी करून देतो. फरक पाच-सहा सेंटीमीटरच असेल तर कंपनीचा डबा राहू दे, पैसे टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला लावा.

‘मुंबईच्या मित्राच्या गाडीत हाच मॅप चालतो की!’ हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. मॅप म्हणजे बूस्ट, इंधन, टायमिंग ठरवणारे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे. पुणे ५६० मीटर उंचावर, इथे हवेचा दाब साधारण ०.९५ बार. इनटेकमध्ये एकूण २ बार हवेत, तर मुंबईत टर्बोला हवा दुपटीच्या जरा आतच दाबावी लागते, पुण्यात २.१ पट, महाबळेश्वरला २.३ पट. छोटा टर्बो तिथे जास्त गरगरतो, हवा जास्त तापवतो, आणि नॉक तिथूनच सुरू होतो. म्हणून आमच्या मॅपमध्ये उंचीबरोबर बूस्ट उतरतो. घाटात गाडी थोडी मंद वाटली, तर ती आम्हीच तशी ठेवलेली असते.

पोलो जीटी टीएसआयने वेगळा धडा दिला. इंजिन अजून द्यायला तयार, पण तिचा कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन-मीटर टॉर्कपर्यंतचाच. तिथे खालच्या आरपीएमला बूस्ट हळूहळू चढवतो. ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आल्यापासून जुने मॅपही पुन्हा तपासतो, कारण इथेनॉलला इंधन जास्त लागतं आणि इंजेक्टरची ऐपत लवकर संपते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्यावरची बंधनं) आणि विमा, हे काम घेण्याआधीच सांगतो. काहीजण तिथूनच परत जातात. आता आमचं बरंचसं काम ट्रॅकवरच्या गाड्यांचं.

डायनो (गाडीची ताकद मोजायचं यंत्र) अजून स्वतःचा नाही, तासावर भाड्याने घेतो. तिथल्या पंख्याला हायवेच्या वाऱ्याची सर नाही, म्हणून दर दोन रनच्या मधे गाडी निवू देतो. भाड्याचं मीटर चालू असतं, गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत असतं. मी आणखी एक चहा सांगतो.