मागे कोण वाजतंय?

मैफल ऐकून घरी जाताना आपण बोलतो ते गायकाबद्दल. आवाज लागला होता का, तान कशी पडली, बंदिश कुठली घेतली. मागच्या मंडळींच्या वाट्याला फार तर ‘साथ छान झाली’ एवढं एक वाक्य येतं. पण ती मंडळी उठवून नुसता गळा ठेवला, तर राग तोच, ताना त्याच, तरी गाणं उघडंबोडकं वाटेल. गाण्याचा पोत म्हणतात तो, म्हणजे एका वेळी कानावर येणाऱ्या आवाजांची वीण, बराचसा या मागच्यांच्या हातात असतो.

सगळ्यात मागे तंबोरा. चार तारा, तेच ते सूर, आळीपाळीने. वर्णनावरून कंटाळवाणाच प्रकार. तरीही तो नीट जुळला की कुणीही न छेडलेला गंधार, म्हणजे ‘ग’, त्यातून ऐकू येतो. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाची (‘सा’ची) तार हलते तेव्हा तिच्यात पाचपट वेगाचं एक बारीक कंपनही चालू असतं, तोच हा गंधार. त्याला वर आणते ती जवारी. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो, तार त्याला शिवत-सुटत राहते. तारेखाली सरकवलेला साधा दोरा केसभर पुढेमागे केला की कोंडलेला आवाज एकदम खुलतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानातला मोठा वाटा मी तरी घोडी घासणाऱ्या हातांना देईन.

मोबाइलमधला तंबोरा सोयीचा आहे, रियाजाला उत्तमच. पण तो प्रत्येक फेरीत तसाच्या तसा वाजतो. मंचावर दोन शिष्य दोन तंबोरे घेऊन बसतात तेव्हा त्यांची बोटं कधीच एका वेळी पडत नाहीत. एकाचा षड्ज संपत आलेला असतो, दुसऱ्याचा नुकता उमटतो, आणि मध्ये फट म्हणून राहत नाही.

त्याच्या पुढे पेटी. युरोपात बाख या संगीतकाराच्या रचनांत दोन-तीन स्वतंत्र चाली एकाच वेळी चालतात आणि तरी एकमेकींना सांभाळून असतात. आपल्याकडे चाल एकच. पेटीवाल्याला ती आधी ठाऊक नसते, कारण ती गायकालाही पुरती ठाऊक नसते. म्हणून तो ऐकतो आणि मग वाजवतो. वडीलधाऱ्यांच्या मागून आरती म्हणणाऱ्या मुलासारखा तो अर्धं पाऊल मागे असतो, आणि मजा त्या अर्ध्या पावलातच आहे. गायकाच्या ओळीला त्यामुळे एक सावली मिळते. दोघे अगदी एकदम वाजले, तर एकच जाड रेघ ऐकू येईल.

पेटीत एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणारी मींड निघत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती सापडत नाहीत, या तक्रारी खऱ्याच आहेत. त्यापायी आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलं. सारंगी मात्र गळ्याला चिकटून मींड घेते. गंधर्व नाटक मंडळीत पेटीच्या जातीचा ऑर्गनही होता आणि सारंगीही, म्हणून तिथल्या पदांचा पोत मला फार श्रीमंत वाटतो. खाली ऑर्गनचा भरलेला सूर, वर कादरबक्षांची सारंगी, तबल्यावर थिरकवाँ, आणि या सगळ्यातून वाट काढणारे बालगंधर्व. आज कुणी इतकी दाटी केली तर गायकच गुदमरेल.

दाटी पेलावी ती भजनाने. वारीतल्या दिंडीत वीणेकऱ्याने अभंगाचा चरण टाकला की टाळकरी तो उचलतात. कुणी वरच्या पट्टीत, कुणी खालच्या, कुणी शब्द ओढतो, कुणाचा श्वास आधीच संपतो. चाल सगळ्यांची एकच, पण प्रत्येकाची थोडी स्वतःची. त्याखाली मृदंग, आणि टाळांचा खणखणाट तर कोपरा म्हणून रिकामा ठेवत नाही. असं गाणं रुंद होतं. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं की आपलाही बेसूर आवाज त्यात खपून जाईल, आणि तो खपतोही.

हेच अभंग स्टुडिओत समूहस्वरात ध्वनिमुद्रित करतात तेव्हा सगळ्यांचे श्वास एका जागी आणतात आणि सूर यंत्रावर सरळ करून घेतात. नाव ठेवायला जागा नसते. फक्त एकाच माणसाने चाळीसदा गायल्यासारखं वाटतं.