वास पिकअपचा नव्हता

फोन खुद्द नवरदेवाचा होता. "दादा, पिकअप आतून-बाहेरून धुवायची आहे, मावऱ्याचा वास पार गेला पाहिजे. वेळ उरला तर कारपण करा." दुसऱ्या दिवशी हळद, आणि दिवाळे गावातल्या त्या घराला आधी पिकअप धुवून हवी होती. लग्नसराईत मला घरपोच धुलाईची कामं भरपूर येतात, पण ती सगळी नवरदेवाच्या गाडीची असतात. मासळीच्या पिकअपसाठी कुणी एवढी घाई केलेली मी पाहिली नव्हती.

मी चेंदणी कोळीवाड्यातला. ईको व्हॅनमध्ये पाण्याची टाकी, प्रेशर पंप आणि व्हॅक्यूम टाकून ठाण्यापासून बेलापूरपर्यंत फिरतो. मासळीच्या वासाचं मला काही वाटत नाही, आमचं घर त्यावरच चाललं. अडचण झाली तीही त्यामुळेच, पण ते पुढे.

गल्लीत दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. काकांची, म्हणजे नवरदेवाच्या वडिलांची, पिकअप पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणते आणि बेलापूर-नेरूळच्या बाजारात पोचवते. शेजारी मुलाची पांढरी सेडान, ऐरोलीला ऑफिसला जायची. घरच्यांचं म्हणणं असं, की पिकअप शेजारी उभी राहते म्हणून तिचा वास कारमध्ये शिरतो. खरेदीला गेले तेव्हा होणारी नवरी कारमध्ये बसली आणि बसल्याबसल्या म्हणाली, गाडीत काहीतरी मेलंय. नवरी उरणच्या करंजाची, कोळ्याचीच मुलगी. मला खरं तर तिथेच खटकायला हवं होतं. मावऱ्याच्या नुसत्या वासाला कोळ्याची पोर असं बोलत नाही. पण गिऱ्हाईक सांगेल त्या गाडीपासून सुरुवात करायची हा आमचा धंद्याचा नियम.

पिकअपचा फाळका उघडला आणि काकांबद्दल आदर वाटला. हौद्यात चेकर्ड पत्रा, त्याच्या खाचांत खवलं नाहीत, कोपऱ्यात बर्फाचा भुसा नाही. माल उतरला की घरी येऊन लगेच नळी मारायची, जेवण नंतर, असा त्यांचा शिरस्ता. मासळीसोबत येणारं पाणी खारं असतं. वाळलं तरी त्यातलं मीठ पत्र्यावर बसून राहतं, हवेतली ओल ओढतं, आणि खाडीकाठच्या हवेत ओल कमी कधी असते? त्यामुळे धुतलं तर त्याच दिवशी, साध्या पाण्याने. शाम्पू नसला तरी चालेल.

हौदा स्वच्छ असला तरी खालची बाजू बहुतेक जण विसरतात, तशी काकांचीही राहिली होती. हौद्यातलं पाणी गळतं ते चासीवर आणि पाट्यांवर, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगांवर. मागच्या मडगार्डच्या आत मिठाचा पांढरट थर होता, टेललाइटच्या पट्टीला गंज धरला होता. खाली झोपून जेट मारला. जेट चाकाच्या हबवर आणि प्रोपेलर शाफ्टच्या जोडांवर सरळ धरायचा नाही, आतलं ग्रीस निघून जातं. धुतल्यावर निपलमधून ग्रीस मारून घ्यायचं, ते मारलं. माझा पंप मिनिटाला साधारण 6 ते 8 लिटर पाणी घेतो, उघडी नळी याच्या दुपटीने सहज जाते. शाम्पू मी बेताचाच टाकतो. त्या गल्लीचं गटार खाडीला मिळतं, आणि त्याच खाडीतल्या निवट्या आणि चिंबोऱ्या आम्ही खातो.

पिकअप वाळली. मी आणि काकांनी हौद्यात तोंड घालून वास घेतला. ओल्या पत्र्याचा वास, बस. काका म्हणाले, "ही तर आधीपण अशीच होती."

मग कार. काचा बंद करून उन्हात सोडली. मे महिन्यात बंद गाडीच्या आतला पारा 50 अंशांच्या आसपास जातो, आणि वास कुठला ते शोधायला ऊन फार कामाचं. तासाभराने दार उघडलं तर आधी अंगावर आला मोगऱ्याचा परफ्यूम. डॅशबोर्डवर एक बाटली, आरशाला एक लटकन, सीटखाली डांबरगोळ्या. त्या सगळ्याच्या मागे काहीतरी होतं, पण माझ्या नाकाला ते वेगळं काढता येईना. जन्मापासूनच्या वासाला नाक सरावतं. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचो, पुन्हा डोकं आत घालायचो, दोन श्वासांत पुन्हा सगळं सारखंच.

ओट्यावर आजी बसल्या होत्या, केव्हाच्या बघत होत्या. म्हणाल्या, "कय रं पोरा, कोल्याच्या घरान मावऱ्याचा वास नाय येनार तं कय अत्तराचा येल?" मी म्हटलं, आजी, तुम्हीच सांगा कसला आहे. त्या उठल्या, मागच्या दारातून आत वाकल्या आणि लगेच बाहेर आल्या. "ह्यो बोंबलाचा नाय. कोलंबीचा हाय. नि कुसलेली."

त्या एका वाक्याने अर्धं काम झालं. काकांच्या पिकअपमध्ये त्या महिन्यात कोलंबी आलीच नव्हती, बोंबील आणि मांदेली होती. म्हणजे वास शेजारून आला नव्हता, कारमध्येच काहीतरी सांडलं होतं.

डिकी उघडली. वरचा गालिचा कोरडा आणि चकाचक. मुलगा म्हणाला, "तिथे मी दोनदा धुतलंय. बादलीभर शाम्पूचं पाणी ओतलं होतं." गालिचा उचलला, खालचा नमदा, म्हणजे जाड अस्तर, ओला. पुठ्ठ्याची फळी काढली, स्टेपनी काढली. स्टेपनीच्या खड्ड्यात दोन बोटं काळपट पाणी, त्यात शाम्पूचा मळकट फेस, आणि कडेला पत्र्याच्या जोडात अडकलेली कोलंबीची डोकी आणि सालं. गल्लीतली मांजरं तेवढ्यात जमा झाली.

झालं असं होतं. कोलंबीची पिशवी फुटून पाणी गालिच्यावर आलं. तेवढंच टिपून, गालिचा काढून उन्हात टाकला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण वरून बादली ओतल्यावर सगळं फळीच्या फटीतून खाली गेलं. खड्ड्याला तळाशी रबरी बूच असतं, ते काढल्याशिवाय तिथलं पाणी कुठेच जात नाही. एसी लावताना आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं की डिकीतली हवा मागच्या सीटच्या पाठीमागून आत ओढली जाते. म्हणून नवरी मागे बसली तेव्हा तिला सगळ्यात जास्त वास आला.

बूच काढून पाणी बादलीत घेतलं, गटारात नाही. सालं चिमट्याने वेचली. काकू तोवर ब्लीचिंग पावडर घेऊन आल्या, त्यांना थांबवावं लागलं. ब्लीच पत्र्याला खातं, आणि मी पुढे व्हिनेगर वापरणार होतो. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, बंद डिकीत तर नकोच. समुद्री मासळी कुजताना तिच्यात ट्रायमिथाइलअमाइन तयार होतं, आपण ज्याला वशाट वास म्हणतो तो मुख्यतः त्याचा. ते अल्कधर्मी असतं, म्हणून आंबट लागलं की त्याचा क्षार, म्हणजे मिठासारखा पदार्थ, बनतो आणि तो हवेत उडत नाही. आपल्या बायका मासळी साफ केल्यावर हाताला लिंबू चोळतात ते उगाच नाही. साबणाने खड्डा घासला, एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी फडक्याने सगळ्या जोडांत फिरवलं, थोड्या वेळाने साध्या पाण्याने धुऊन कोरडं पुसलं. पत्र्यावर आंबट राहू दिलं तर गंजाला तेही पुरतं.

नमदा वाचणार नव्हता. तसं स्पष्ट सांगितलं आणि कापून फेकला. शाम्पू मारून वाळवून देणारे असतात, गाडी ताब्यात देताना छान वाटते, पहिल्या पावसाळी हवेत वास परत येतो. सीवूड्सच्या सीटकव्हरवाल्याकडून मुलाने नवा तुकडा आणला. ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर बदलला. परफ्यूमच्या बाटल्या मी माझ्या हाताने काढल्या. चारही दारं आणि डिकी उघडी ठेवून पंखा लावला, संध्याकाळपर्यंत सुकलं.

कोलंबी आली कुठून याचा तपास मधल्या काळात ओट्यावर चालूच होता. मामांवर आळ आला, मामांनी देवाची शपथ घेतली. शेवटी मुलालाच आठवलं. साखरपुड्याहून निघताना सासूबाईंनी डिकीत पिशवी ठेवली होती, घरी आल्यावर त्याने ती उचलून आत नेली, ती गळत होती हे अंधारात दिसलं नाही. म्हणजे "गाडीत काहीतरी मेलंय" म्हणणाऱ्या नवरीच्याच घरची कोलंबी. ओटा हसून लोळायचा बाकी राहिला. आजींनी मात्र सगळ्यांना दम भरला, करंज्याला यातलं अक्षर कळता कामा नये.

पुन्हा आजींनाच कारमध्ये बसवलं, काचा बंद करून, एसी लावून. बऱ्याच वेळाने काच खाली करून म्हणाल्या, "आता नुसती गाडी."

पैशाच्या वेळी काकांनी मुद्दा काढला. पिकअपला वास नव्हताच, मग तिचे पैसे कशाचे? मी म्हटलं, चासीखालच्या मिठाचे आणि ग्रीसचे. त्यांनी खाली वाकून पाटे बघितले, ग्रीसवर बोट फिरवलं आणि निम्मे दिले. निम्म्याच्या बदल्यात हळदीचं आमंत्रण आणि पापलेटची जोडी. ती मी व्हॅनमध्ये पुढे, पायाशी, डबल पिशवीत ठेवून नेली.