एकाच बाईच्या दोन नोंदी

हेगमध्ये मी बुद्धिबळाच्या जुन्या डावांच्या नोंदी तपासायचं काम करते. स्पर्धांची बुलेटिनं, वर्तमानपत्रांतली सदरं यांतले डाव कुणीतरी डेटाबेसमध्ये चढवलेले असतात. त्यातल्या दुबार नोंदी शोधायच्या, नावं जुळवायची. साधनांची इथे ददात नाही. राष्ट्रीय ग्रंथालयातला बुद्धिबळाचा संग्रह जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक आहे आणि जुनी डच वर्तमानपत्रं डेल्फर या संकेतस्थळावर वाचता येतात.

त्या मंगळवारी यादीत 'हेमस्केर्क' आलं. नोंदी दोन. एकीत पूर्ण नाव, फेनी हेमस्केर्क, जन्म 1919, आम्स्टरडॅम. दुसरीत नुसतं आद्याक्षर 'एफ', जन्मसाल रिकामं, आणि पुढच्या रकान्यात 'पुरुष'. या दुसऱ्या नोंदीखाली अकरा डाव. नुसतं आद्याक्षर असेल तर पुरुष धरायचा, असं आमच्याकडे फार पूर्वी ठरून गेलं होतं. मीही तीन वर्षं तो रकाना न बघता पुढे जात आले होते.

एक डाव दोन्हीकडे होता. एकीकडे पूर्ण, दुसरीकडे शेवटच्या चार खेळ्या गळलेल्या. मी पट मांडला आणि दोन्ही पुन्हा खेळून पाहिले. डच पद्धतीने खेळ्या लिहिताना घोड्याला 'पी' लिहितात, 'पार्ड' म्हणजे घोडा. सवय नसलेला माणूस तिथे प्यादं वाचतो आणि सगळा डाव बिघडतो. हा डाव मात्र खेळीगणिक तोच निघाला.

मग त्या स्पर्धेची बातमी शोधली. कागद पिवळा पडलेला, शाई पसरलेली, गुणतक्ता बोटभर उंचीचा. पडदा मोठा करत गेले. नावाच्या आधी अगदी बारीक अक्षरांत 'मेय.' होतं. मेय. म्हणजे मेयुफ्रौ, आपलं 'कु.' त्याच तक्त्यात खाली 'मेफ्र.', म्हणजे 'सौ.', आणि पुढे रोडझांट. ज्याने डाव चढवला त्याने 'मेय.' गाळलं, आणि एवढ्यावर बाईचा पुरुष झाला.

ही बाई कोण? वयाची विशी गाठण्याआधीच, 1937 मध्ये, ती नेदरलँड्सची महिला विजेती झाली. पुन्हा 1939 मध्ये. पुढे जर्मनांचा ताबा, आम्स्टरडॅममधला उपासमारीचा हिवाळा, आणि 1946 मध्ये पुन्हा तीच विजेती. मग 1948, 1950, 1952, 1954, 1956, 1958 आणि शेवटचं 1961. दहा विजेतेपदं, चोवीस वर्षांत पसरलेली. महिला जगज्जेती व्हेरा मेंचिक युद्धात मारली गेली आणि जगज्जेतेपद रिकामं झालं. ते भरायला मॉस्कोत 1949-50 मध्ये जी स्पर्धा झाली, तीत हेमस्केर्क होती. 1952 च्या मॉस्कोतल्या आव्हानवीर स्पर्धेत ती दुसरी आली, एलिसावेता बिकोवाच्या मागे. सोव्हिएत बायकांच्या त्या भिंतीसमोर दुसरं येणं म्हणजे काय, हे पटावर बसलेल्यालाच कळेल. महिला ग्रँडमास्टर हा किताब तिला 1977 मध्ये मिळाला, तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती. विजेतेपदांचा तिचा आकडा पुढे झाओचिन पेंग यांनी ओलांडला.

आणि आमच्या यंत्रात तिचे अकरा डाव एका नसलेल्या पुरुषाच्या नावावर.

आता ते 'मेफ्र.'ही मला स्वस्थ बसू देईना. कॅथरिना रोडझांट, 1935, 1936 आणि 1938 ची विजेती, 1939 मध्ये ब्युनोस आयर्सला जगज्जेतेपदासाठी खेळलेली. तिचेही डाव दोन ठिकाणी, 'रोडझांट' आणि 'रोडझांट-ग्लिमरफेन'. इथे लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव आधी आणि माहेरचं मागे जोडायची रीत. मला सांगलीतले दिवस आठवले. 'साठे आणि ठिपसे, दोघींत भारी कोण?' असं मी लहानपणी सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, 'अगं, भाग्यश्री एकच. साठे माहेरचं.' पाच वेळा राष्ट्रीय विजेती झालेल्या त्या एका खेळाडूला मी दोन बायका समजत होते. माझ्याही पदवीवर एक आडनाव आहे आणि पासपोर्टवर दुसरं.

नोंदी एकत्र करायला दोघांची संमती लागते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला, साठी ओलांडलेल्या डच गृहस्थांना, मी तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा वर करून 'मेय.' वाचलं, बराच वेळ बघत राहिले आणि काही न बोलता सही केली.

हेमस्केर्कचे डाव सालांप्रमाणे एकाखाली एक लागले. दुबार निघालेला डाव काढून टाकला. दुपारचे चार वाजले होते आणि जेवणाचा डबा तसाच राहिला होता. 'नुसतं आद्याक्षर आणि पुरुष' अशा सगळ्या नोंदींची यादी काढायला लावली आणि तोवर पुढची नोंद उघडली: कॉरी व्रेकेन. खाली वेगळ्या ओळीत, बाउमन.