संसार पुण्यात, अर्ज अमेरिकेचा: जोडीदाराच्या इमिग्रंट व्हिसात नेमकं अडतं कुठे

लग्न खरं आहे हे दाखवणं आपल्याकडच्या जोडप्यांना फारसं जड जात नाही. दोन्हीकडची माणसं दिसतील असे मांडवातले फोटो असतात, एकत्र केलेले प्रवास असतात, एका पत्त्यावर येणारी गॅसची आणि विजेची बिलं असतात. भारतात राहून नवऱ्यासाठी किंवा बायकोसाठी अर्ज करणाऱ्या अमेरिकन नागरिकाची फाइल अडते ती बहुतेक वेळा दोन भलत्याच ठिकाणी. एक, ‘तुमचं अमेरिकेतलं बिऱ्हाड कुठे?’ या प्रश्नावर. दोन, कागदपत्रांवरच्या नावांवर. म्हणून इथे या दोन गोष्टींवर सविस्तर लिहिलं आहे, बाकीचं थोडक्यात.

आधी रस्ता समजून घ्या. २०२० च्या जानेवारीअखेरपर्यंत भारतात राहणारा अमेरिकन नागरिक दिल्लीतल्या यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) कार्यालयात आय-१३०, म्हणजे जोडीदारासाठीचा मूळ अर्ज, देऊ शकत असे. १ फेब्रुवारी २०२० पासून ती सोय बंद झाली. आता अर्ज ऑनलाइन करायचा किंवा पोस्टाने अमेरिकेत पाठवायचा. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइनची फी ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाची ६७५ डॉलर आहे. भरायच्या दिवशी आकडा पुन्हा पाहून घ्या. परदेशातून करताना ऑनलाइनच बरं. पुण्याचा पत्ता देऊन अर्ज करता येतो, त्याला हरकत नसते. सोबत आय-१३०ए, म्हणजे जोडीदाराच्या माहितीचा फॉर्म, लागतो. तो विसरला की पुढे विचारणा येते आणि मधला वेळ फुकट जातो.

वकिलातीत थेट अर्ज घेण्याची एक अरुंद वाट अजून आहे, पण ती अपवादात्मक परिस्थितीसाठी: तातडीचं आजारपण, जिवाला धोका, किंवा कंपनीने अगदी थोड्या मुदतीत अमेरिकेत बदली केली तर. बदलीचं पत्र आलं असेल तर विचारून पाहायला हरकत नाही. ‘लवकर जायचंय’ हे मात्र कारण होत नाही. ग्रीन कार्डधारकाला ही वाट मिळत नाही. शिवाय जो स्वतः ग्रीन कार्डावर आहे आणि वर्षानुवर्षं भारतात राहतो, त्याने जोडीदाराचा अर्ज करण्याआधी स्वतःचं कार्ड शाबूत आहे का हे वकिलाला विचारावं.

आय-१३० मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते. तिथे दोन फिया असतात: आर्थिक हमीपत्राचे १२० डॉलर आणि व्हिसा अर्जाचे ३२५. या फिया अमेरिकेतल्या बँकेच्या खात्यातूनच भरता येतात, राउटिंग नंबर घालावा लागतो. भारतातलं क्रेडिट कार्ड इथे चालत नाही. इतकी वर्षं भारतात राहून तिकडचं खातं बंद केलेलं असेल तर आय-१३० भरतानाच त्याची सोय बघा. ते खातं पुढे बिऱ्हाडाच्या पुराव्यातही कामाला येतं.

आता मुख्य मुद्दा, डोमिसाइल, म्हणजे अमेरिकेतलं बिऱ्हाड. आय-८६४ हे हमीपत्र भरणारा माणूस अमेरिकेत राहणारा असावा, अशी कायद्याची अट आहे. जो भारतात राहतो त्याने एकतर दाखवायचं की तिकडचं बिऱ्हाड मोडलेलंच नाही, भारतातलं राहणं तात्पुरतं आहे. किंवा दाखवायचं की जोडीदार अमेरिकेत पाऊल ठेवेल त्या दिवसापर्यंत आपणही तिथे राहायला गेलेलो असू. म्हणजे जोडीदाराच्या आधी किंवा सोबत. ‘ती पुढे जाऊन घर लावेल, मी सहा महिन्यांनी येतो’ असं मुलाखतीत सांगितलं की फाइल थांबते. आणि इथे पुष्कळांचा गैरसमज असतो: न्यू जर्सीतला भाऊ सहस्पॉन्सर व्हायला तयार आहे म्हणून प्रश्न सुटत नाही. सहस्पॉन्सर उत्पन्नाची उणीव भरून काढतो, बिऱ्हाडाची नाही. मूळ अर्जदाराचं डोमिसाइल सिद्ध झालं नाही तर भावाचा पगार कितीही असो, उपयोग शून्य.

पुरावा म्हणजे नुसतं ‘आम्ही परत जाणार आहोत’ असं पत्र नव्हे. पत्र हवंच, पण त्यात तारखा हव्यात आणि प्रत्येक वाक्यामागे कागद हवा. समजा, पुण्यात सात वर्षं राहिलेलं जोडपं आहे. त्यांच्या गठ्ठ्यात काय असावं? कुठल्या महिन्यात जायचं, कुठल्या शहरात, सुरुवातीला कोणाकडे राहायचं, हे लिहिलेलं एक पानी पत्र. ज्यांच्या घरी उतरायचं त्यांचं सही केलेलं पत्र आणि त्या घराचा त्यांच्या नावाचा कागद. चालू असलेल्या अमेरिकन बँक खात्याची विवरणं. ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी. नोकरीचं पत्र किंवा बदलीचं पत्र, नसेल तर नोकरीसाठी केलेल्या अर्जांचा पत्रव्यवहार. मुलांच्या शाळेशी झालेली विचारपूस. सामान पाठवणाऱ्या कंपनीचं कोटेशन. पुण्यातल्या भाड्याच्या घराला दिलेली नोटीस. यातलं सगळं प्रत्येकाकडे नसतं, चार-पाच ठोस गोष्टी असल्या तरी चित्र उभं राहतं. हे जो वाचतो त्या अधिकाऱ्याला एकच गोष्ट दिसायला हवी: ही माणसं खरोखर बिऱ्हाड हलवताहेत.

उत्पन्नाचं गणित याला जोडूनच येतं. दोघांच्या कुटुंबाला २०२५ च्या तक्त्याप्रमाणे वर्षाला २६,४३७ डॉलर लागतात, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के. तक्ता दरवर्षी बदलतो. भारतातल्या नोकरीचा पगार याहून बराच जास्त असला तरी तो धरत नाहीत, कारण अमेरिकेत गेल्यावर तो थांबणार. त्याच कंपनीत बदली होणार असेल आणि तसं पत्र असेल तर गोष्ट वेगळी. सहस्पॉन्सर घेतलात तर त्याच्या घरातली माणसं नीट मोजा: भाऊ, वहिनी, दोन मुलं हे चार, आणि तुमचा जोडीदार पाचवा. त्याच तक्त्यात पाच जणांना ४७,०६२ डॉलर लागतात. भावाने आधी कोणासाठी असंच हमीपत्र दिलेलं असेल आणि ते अजून लागू असेल तर तो माणूसही मोजायचा. सहस्पॉन्सर असला तरी मूळ अर्जदाराला स्वतःचं आय-८६४ द्यावंच लागतं. आणि भावाला आधी स्पष्ट सांगा की ही जबाबदारी घटस्फोटानेही संपत नाही. जोडीदार नागरिक होईपर्यंत, किंवा कामाचे ४० तिमाही क्रेडिट (साधारण दहा वर्षांचं काम) पूर्ण होईपर्यंत ती चालू राहते. मृत्यू झाला किंवा जोडीदाराने अमेरिका कायमची सोडली तरच त्याआधी सुटते. नातेवाइकाकडून सही घेताना हे लपवणं बरोबर नाही.

उत्पन्नाऐवजी मालमत्ताही दाखवता येते. अमेरिकन नागरिकाच्या जोडीदारासाठी उणीव असेल तिच्या तिप्पट. उत्पन्न शून्य धरलं तर दोघांसाठी सुमारे ७९,३०० डॉलर. पुण्यातला फ्लॅट यात धरता येतो, जोडीदाराच्या नावावर असला तरी. पण तो वर्षभरात विकून पैसा तिकडे नेता येईल हे पटवावं लागतं. त्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल, इंडेक्स टू, गृहकर्ज बाकी असेल तर बँकेचं पत्र, कारण कर्ज वजा होतं. निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या योजनेत आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, हेही पत्रात नोंदवा. मुदत ठेवींचं काम फ्लॅटपेक्षा सोपं जातं, हे अनुभवी वकीलही सांगतात.

आणि कर. अमेरिकन नागरिक जगात कुठेही राहिला तरी ठरावीक मर्यादेवर उत्पन्न असेल तर त्याला अमेरिकेचं रिटर्न भरावं लागतं, पगार रुपयांत असला तरी. भारतात राहणाऱ्या अनेकांनी ते भरलेलंच नसतं, आणि आय-८६४ च्या पानावर ते उघडं पडतं. मुद्दाम न लपवणाऱ्यांसाठी आयआरएसची (अमेरिकेच्या करखात्याची) सुलभ पद्धत आहे: मागची तीन वर्षांची रिटर्न आणि सहा वर्षांचे परदेशी खात्यांचे अहवाल. सगळ्या परदेशी खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरहून जास्त असेल तर तो अहवाल लागतो. हे काम एनव्हीसीच्या टप्प्यावर सुरू केलं तर उशीर ठरलेला. आय-१३० भरलात की त्याच आठवड्यात हाती घ्या.

आता नावं. अमेरिकन फॉर्मला नाव, मधलं नाव, आडनाव इतकंच कळतं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, काही घरांत लग्नात पाळण्यातलं नावही बदलतं. उदाहरण घ्या: जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा, फक्त आईवडिलांची नावं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘सई विनायक जोशी’. पदवीवर ‘जोशी सई विनायक’. आधारवर ‘सई अमेय केळकर’. पासपोर्टवर अजून जोशी. आपल्याला ही एकच सई दिसते. फाइल तपासणाऱ्याला चार बायका दिसतात. उपाय साधा आहे. डीएस-२६० मध्ये, म्हणजे इमिग्रंट व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, नाव पासपोर्टवर आहे तसंच घालायचं आणि ‘इतर नावं’ या रकान्यात एकूण एक रूप लिहायचं, क्रम बदललेलंही. एकाच व्यक्तीची नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. अमेरिकेच्या व्हिसासाठी बायकोने आडनाव बदलायला हवं असा काहीही नियम नाही. बदलायचंच असेल तर गॅझेट, पासपोर्ट वगैरे आय-१३० च्या आधी उरका, नाहीतर ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबा. मध्येच नवा पासपोर्ट काढला की पोलिस दाखल्यावर जुना पासपोर्ट क्रमांक राहतो आणि पुन्हा धावपळ.

जन्मदाखल्यावर नाव नसेल तर जिथे नोंद आहे त्या महापालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून नाव घालून नवा दाखला घेणं सर्वांत उत्तम. नोंदच सापडत नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा अधिकृत दाखला घ्या आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला व आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं जोडा. नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. वयाच्या तिशीत केलेली उशिराची नोंद असेल तरी शाळेचा दाखला सोबत ठेवा. मराठीतल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. त्याखाली भाषांतरकाराने ‘भाषांतर अचूक आहे, दोन्ही भाषा मला येतात’ असं लिहून सही करायची. शिक्क्यावरचा मजकूरही भाषांतरात यायला हवा, तो हमखास राहतो.

लग्नाचा दाखला विवाह निबंधकाचा हवा, कार्यालयाची पावती किंवा गुरुजींचं पत्र नव्हे. इथे एक फसवी जागा आहे. पुष्कळ घरांत आधी रजिस्टर लग्न होतं आणि चार महिन्यांनी मांडव. कायद्याने लग्नाची तारीख पहिली. पत्रिकेवर आणि फोटोंवर दुसरी. सगळ्या फॉर्मवर दाखल्यावरची लग्नाची तारीखच घाला, नोंदणीची तारीख वेगळी असेल तर ती नको, आणि दोन समारंभांचा खुलासा आय-१३० सोबतच्या पत्रात आधीच करून टाका. दोघांपैकी एकजण ऑनलाइन हजर राहून झालेलं लग्न असेल तर त्यानंतर दोघं प्रत्यक्ष एकत्र राहिल्याचा पुरावा नसेल तोवर अमेरिका ते मानत नाही.

मुलांचं विसरू नका. अमेरिकन नागरिकाच्या जोडीदाराच्या अर्जात मुलं आपोआप येत नाहीत, प्रत्येकासाठी वेगळा आय-१३० लागतो. सावत्र मूल असेल तर लग्न त्याच्या अठराव्या वाढदिवसाआधीचं हवं. पण आधी बघा, मूल जन्मतःच अमेरिकन नागरिक आहे का. नागरिक पालक मुलाच्या जन्माआधी अमेरिकेत एकूण पाच वर्षं, त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतर, राहिलेला असेल तर बहुधा आहे. मग त्याला व्हिसा नव्हे, वकिलातीचा जन्म-अहवाल आणि अमेरिकन पासपोर्ट लागतो.

पोलिस दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून, ५०० रुपये. दुबई, सिंगापूर अशा ठिकाणी वर्षभराहून जास्त राहिला असाल तर तिथलाही लागतो, आणि तिथून निघाल्यावर तो मिळवणं कटकटीचं असतं. कागद पुरे झाल्याचा एनव्हीसीचा निरोप आला की मुलाखतीची तारीख मिळते. महाराष्ट्रातल्या मंडळींना वांद्रे-कुर्ला संकुलातली वकिलात. मुलाखतीआधी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच तपासणी. छातीच्या एक्स-रेत जुना डागही दिसला तर थुंकीचे तीन नमुने घेऊन कल्चर करतात आणि त्याला सुमारे दोन महिने लागतात. पूर्वी टीबीचे उपचार झालेले असतील तर उपचारांचे कागद आणि जुने एक्स-रे घेऊन जा. तपासणी घाईने फार आधीही करू नका: व्हिसाची मुदत जास्तीत जास्त सहा महिने आणि ती तपासणीच्या तारखेला बांधलेली असते.

व्हिसा मिळाला की निघण्यापूर्वी यूएससीआयएसची २३५ डॉलरची इमिग्रंट फी ऑनलाइन भरा. ती राहिली तर प्रवेश मिळतो, पण कार्ड छापलं जात नाही. विमानतळावर शिक्का बसला की तो व्हिसाच वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतो. तिकीट काढताना मात्र लग्नाची तारीख समोर ठेवा. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे कार्डावरची अट काढण्याचा अर्ज, भरावा लागतो. व्हिसा सीआर-१ (दोन वर्षांच्या कार्डाचा) असा छापलेला असला तरी दोन वर्षं उलटून उतरलात तर तिथल्या अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून शिक्का आयआर-१ (पूर्ण मुदतीच्या कार्डाचा) असा करून घ्या, काउंटर सोडण्यापूर्वीच.