का-८ ग्लायडरचा डावा पंख : कापड चढलं, इस्त्री चालू आहे

मंडळी, मागच्या नोंदीत पंख जुन्या कापडातच होता. आता खालची बाजू बंद झालीय, वरचं कापड चिकटवून झालंय आणि सध्या ताण देण्याचं काम चालू आहे. रंग अजून लांब आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : आमच्या जर्मनीतल्या क्लबचं हे श्लायखर का-८ बी. डिझाइन रुडॉल्फ कायझरचं, पहिलं उड्डाण १९५७ चं, पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत १५ मीटर. धड स्टीलच्या नळ्यांचं, पंख लाकडाचे. पंखाच्या पुढच्या कडेपासून स्पारपर्यंत (पंखाचा मुख्य कणा) प्लायवूडची बंद पेटी असते आणि पिळाचा भार ती घेते. मागे नुसत्या रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, आणि त्यांवर कापड. इथे हिवाळ्यात उडणं जवळपास बंदच, त्यामुळे प्रत्येक सभासदाला वर्कशॉपचे तास भरावे लागतात. माझ्या वाट्याला हा पंख आला, तक्रार नाही.

जुनं कापड काढताना घाई नको. रिबवरून ते सहज सुटतं, पण प्लायवर ओढलं की लाकडाचा वरचा पापुद्रा सोबत येतो. तिथे थिनरचं फडकं ठेवून डोप (कापडावर चढवलेलं लॅकर) मऊ होऊ द्यायचा आणि मग हळूहळू सोलायचं. शिवणी आणि पट्ट्या कुठे होत्या, पाणी जाण्याची भोकं कुठे होती, याचे फोटो आधीच काढून ठेवा. जुन्या कापडाइतका खात्रीचा नकाशा दुसरा नाही.

उघड्या पंखात काय बघायचं, हा खरा विषय. त्या काळचा युरिया-फॉर्मल्डिहाइड डिंक ओल आणि उष्णता यांनी ठिसूळ होतो. प्रत्येक जोडाशी पातळ पातं लावून बघितलं, प्लायवर नाण्याने टकटक केली. पंखाच्या मुळाशी असलेल्या रिबजवळ एका कोपऱ्याच्या ठोकळ्याचा आवाज बद्द आला. तो काढून एरोडक्स डिंकाने नवा बसवला. लायसन्सवाला इन्स्पेक्टर आत बघून सही करेपर्यंत एक तसूही कापड लावायचं नाही, हे सांगायला नकोच. पुढची कित्येक वर्षं आतलं कुणाला दिसणार नाही.

आता ताण. पूर्वी सुती कापड असायचं आणि त्याला डोपच ताणायचा. आताचं पॉलिएस्टर इस्त्रीच्या उष्णतेने आकसतं : पहिला हात साधारण १२० अंश सेल्सिअसला, पूर्ण ताण १७५ च्या आसपास, त्यापुढे गेलात तर कापड उलट सैल पडतं. घरच्या इस्त्रीच्या चकतीवर विश्वास ठेवू नका, तळाला थर्मामीटर लावून मापा. हीट गन तर मी या कामाला हातातच घेत नाही. एका जागी जास्त, शेजारी कमी, असा तिचा कारभार.

आणि पूर्ण ताण द्यायलाच हवा, असं काही नाही. मधल्या रिबवर दोन्ही बाजूंनी सारखी ओढ येते. मुळाशी आणि टोकाला असलेल्या रिबवर मात्र ती एकाच बाजूने येते. पहिल्या हातानंतर मी पट्टी लावून बघितलं, तर टोकाची रिब किंचित आत झुकायला लागली होती आणि मागची कड दोन रिबांच्या मध्ये आत ओढली जात होती. अजून धोक्याचं नव्हतं, पण इशारा पुरेसा होता. तिथेच थांबून मी बाकीचा पंख त्या मापाला आणला. ड्रमसारखा टणटण आवाज आला म्हणजे काम उत्तम, असं हँगरमध्ये बरेच जण मानतात. मला पटत नाही. सुरकुती नाही, रिब सरळ आहे, एवढं मला पुरतं. म्हणूनच वरून न ताणणारा डोप वापरणार आहे. ताणणारा डोप नंतरही वर्षानुवर्षं आकसत राहतो आणि हलक्या रिबांचा जीव काढतो.

डोपचा पहिला हात नायट्रेट प्रकारचा, पातळ करून ब्रशने घासून. पॉलिएस्टर सुतासारखं डोप पीत नाही, त्यामुळे तो धाग्यांभोवती बसला तरच पुढचे थर टिकतात. मग रिबांवर कातरलेल्या कडेच्या पट्ट्या, प्रत्येक खणाच्या सगळ्यात खालच्या जागी पाण्याची भोकं, त्यावर ब्युटिरेट डोप. ब्युटिरेटवर नायट्रेट लावायचं नाही, हा क्रम उलटत नाही. नंतर चंदेरी थर, कारण उन्हातले अतिनील किरण पॉलिएस्टरला खातात. तो पुरेसा झाला का, हे आतून दिवा लावून बघणार. प्रकाश दिसला तर आणखी एक हात.

एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग, मुद्दाम शेवटी ठेवलंय. बिजागरीच्या मागे वाढलेलं थोडंसं वजनही फ्लटरला (उडताना होणाऱ्या घातक थरथरीला) आमंत्रण देतं, म्हणून आधी तोलायचं, मग कापड आणि रंग, मग पुन्हा तोलून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडायचं.

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरशी संबंध आलेल्यांना एक विचारायचंय. दमट हवेत डोप पांढरा पडतो. इथे आम्ही हीटर लावून वेळ मारून नेतो. पुण्याच्या पावसाळ्यात नुसत्या रिटार्डर थिनरवर (डोप सावकाश वाळवणारं थिनर) काम भागायचं का, की तुम्ही सरळ दिवाळीपर्यंत थांबायचात?